पाचवा मंगळवार

“थुंक! भाई, आधी थुंक ते!”

माझा बिहारचा रूम पार्टनर असा ओरडला की दादऱ्याच्या कारखान्यांतली मशिनं थांबली आणि खेरडी गावच्या म्हशी आटल्या. माझ्या तोंडात समोसा होता आणि वार मंगळवार. गणपतीला बोललेले पाच उपास मी विसरायचो. हा पाच वेळा नमाज पढणारा गडी मात्र बोटांवर मोजायचा. सिल्वासाच्या त्या एवढ्याशा खोलीत त्याच्या रोज्यांत मीसुद्धा संडासात लपून चहा प्यायलोय, पण असा पहारा कुणी ठेवतं का?

समोसा थुंकून मी भडकलो. “उपास माझा, देव माझा. तुझं काय जातंय रे?”

तो फरशी पुसत म्हणाला, “उद्या ऑपरेशन माझ्या अम्मीचं आहे. नवस तूच बोललायस.”