धाकट्याच्या डबीतली चरबी

धाकट्या भावाच्या डबीत मी गुपचूप माझी चरबी भरली. माझी म्हणजे बोकडाचीच, पण कढवलेली मी. वय वर्षे छप्पन्न, केंद्र सरकारची नोकरी, आणि हे उद्योग.

आई माझ्याकडे राहते. तिच्या गोळ्या, तिचा चष्मा, अंगणातल्या उन्हाबरोबर सरकवायची तिची खुर्ची, सगळं मी बघतो. कौतुक मात्र धाकट्याचं. तो रिछाईच्या कारखान्यात लोखंडाशी झटतो आणि रविवारी तासभर येतो. गेल्या थंडीत आईच्या टाचा इतक्या फुटल्या की गोधडीचे धागे त्यात अडकायचे. मी चांगली महागातली क्रीम आणली. तिने ती देवाजवळ ठेवली, आणि ती तिथेच राहिली. धाकट्याने एका चपट्या डबीत बोकडाची चरबी आणली. त्याच्याबरोबर काम करणारा कुंडमकडच्या खेड्यातला एक म्हातारा ती हातांना लावतो म्हणे. पंधरा दिवसांत आईच्या टाचा भरून आल्या. मग दूधवाल्याला दाखवल्या, शेजारच्या दीदींना दाखवल्या, नागपूरच्या मावशीला तर फोनवर, व्हिडिओ लावून दाखवल्या. प्रत्येकाला एकच वाक्य: माझ्या धाकट्याच्या हाताला गुण आहे.

मला तेवढंच वाक्य हवं होतं. माझ्याबद्दल, एकदा.

गोहलपुरात खाटकाकडे गेलो. टाचांसाठी पाहिजे म्हटल्यावर तो हसला नाही, उलट गंभीर झाला. "गुर्दे वाली ले जाओ साहब, एकदम सफ़ेद निकलेगी." मूत्रपिंडाभोवतीची घेतली. आई भजनाला गेल्याचं बघून मी गॅस पेटवला. पहिली खेप मोठ्या आचेवर जळून तपकिरी झाली, आणि बायको स्वेटर घालून शेजारी निघून गेली. दुसऱ्या वेळी बारीक तुकडे केले, थोडं पाणी घातलं, आच मंद ठेवली. एवढी चिकाटी माझ्या स्वभावात नाही. ती मत्सराने पुरवली. जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळली, गोठल्यावर तळाचा गाळ खरवडला, पुन्हा पाण्यात कढवली, पुन्हा गाळली. दगडासारखी घट्ट होऊ नये म्हणून चमचाभर तिळाचं तेल घातलं. शेवटी निघाली ती पांढरीशुभ्र, आणि वास जवळजवळ नाही.

आता माझ्या नावाने दिली असती तर तीही क्रीमशेजारी देवाजवळ गेली असती. म्हणून हा डाव. डबीत तळाशी उरलेली धाकट्याची चरबी काढून घेतली आणि माझी भरली. आठवडाभर आई लावेल, वाखाणेल, मग मी सांगेन. काढलेली चरबी वाया कशाला घालवायची म्हणून माझ्या टाचांना लावली. गुण आला. त्याने आणखी जळलो.

तिसऱ्या दिवशी आई म्हणाली की डबीतली खालची चरबी वरच्यापेक्षाही सरस आहे, वास म्हणून नाही. शिवाय भरलीही किती, सरता सरत नाही. धाकट्याने चांगली ती मुद्दाम खाली ठेवली असणार, त्याचं असंच असतं, लहानपणापासून.

ऑफिसातल्या बढत्यांवर जळलोय, साडूच्या केसांवर जळलोय. पण स्वतः कढवलेल्या चरबीवर जळायची ही पहिलीच वेळ.

रविवारी धाकटा आला. आईने डबी पुढे करून सगळं कौतुक पुन्हा ऐकवलं. त्याने वास घेतला, बोटावर थोडी चोळली, माझ्याकडे एकदा बघितलं. आईने त्याच्या ताटलीत दुसरा लाडू ठेवला. माझ्या ताटलीत एकच होता.

त्या लाडवाने माझा घात केला. मी सगळं सांगून टाकलं. खाटीक, धोतराचं फडकं, तळाचा गाळ, तिळाचं तेल. धाकट्याने तरी भांडावं, तर तो शांतपणे म्हणाला, "आई, दादाची खरंच माझ्यापेक्षा चांगली झाली आहे." एवढा मोठेपणा माझ्यात कधीच नव्हता, तोही त्याच्याकडेच गेला.

आईने डबी हातात घेतली. नाकाशी नेली. मी वाट बघत होतो. मग तिने झाकण लावलं आणि पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

"सांगितलं काहून रे? इतके दिवस चांगली होती. आता वास येऊन राहिला."