डाळिंबी खुर्च्यांच्या चुका

उमरग्याच्या धुरपदाबाईंचा कुणावरच विश्वास नव्हता. दुधात बोट बुडवून बघायच्या, परटाकडं टाकलेली लुगडी दोनदा मोजायच्या. लोक हसायचे. हसू देत की! नवरा गेल्यावर सख्ख्या दिरानं अंगठा उठवून घेऊन निम्मं रान गिळलं, तेव्हा कुणाला हसू आलं नव्हतं. तेव्हापासून बाई सावध झाल्या त्या झाल्याच.

सत्तावन्न साली लेकीला, कमलला, बघायला सोलापूरचे पाहुणे येणार होते. नवऱ्यानं निजामाच्या कचेरीच्या लिलावात घेतलेल्या हातांच्या दोन खुर्च्या घरात होत्या, पण गाद्यांतला काथ्या पार बाहेर आलेला. बाईंनी मोठमोठ्या डाळिंबांचं छापील कापड आणवलं आणि पाशामियाँ गादीवाल्यांना बोलावलं.

"सात वार लागंल, बाई," पाशामियाँ म्हणाले.

"दुकानदार पाच म्हणला."

"साधं असतं तर पाचात झालं असतं. हितं डाळिंब हाय. दोन्हीवर मधोमध आलं पायजे. एकीवर आख्खं आन् एकीवर अर्धं, मग जोडी कसली?"

डाळिंबाच्या नावाखाली दोन वार म्हाताऱ्याच्या पिशवीत जाणार, हे बाईंनी तिथंच ताडलं. सात वार दिलं, पण काम आमच्या ओसरीवर करायचं आणि चिंधी न् चिंधी परत द्यायची, असं बजावून. दोन दिवस त्या उंबऱ्यावरून हलल्या नाहीत. पाशामियाँ नमाजाला गेले की त्यांची पिशवीसुद्धा चाचपायच्या. सापडलं काहीच नाही, त्यामुळं संशय आणखीच वाढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटची बारीक लोखंडी चूक ठोकून झाली. खुर्च्या अशा देखण्या दिसायला लागल्या की कमल बघतच राहिली. बाईंनी मात्र चिंध्या पसरल्या, खुर्च्या हातानं मापल्या आणि बेरीज केली. हातभर कापड कमी!

"चोर हायसा तुमी," त्या ओरडल्या. शेजारच्या हरणाबाई आणि आणखी चार बायका गल्लीत गोळा झाल्या.

पाशामियाँचा चेहरा उतरला. त्याच गल्लीतल्या घराघरात त्यांचं काम होतं. मग त्यांनी पकड उचलली.

"चुका काढायच्याच तर समद्या काढू."

एकेक चूक उपटून त्यांनी दोन्ही खुर्च्या उघड्या केल्या. कापड गल्लीत अंथरलं, शेजारी चिंध्या लावल्या. चुकांखाली चहूबाजूंनी आत दुमडलेली चार बोटांची पट्टी आता उलगडली होती. हरणाबाईंनी वाराची काठी घेऊन मापलं. सात वार पुरते भरले.

पाशामियाँनी हातोडा पिशवीत टाकला. "येतो, बाई."

"अवो, सकाळी पावणे येणार!" बाई वाटेत आडव्या आल्या. काथ्याच्या खुर्च्यांवर सोयऱ्यांना बसवायचं? पोरीचं जमतंय ते मोडायचं? त्यांना स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती. दिरासमोरसुद्धा नाही.

"मंग जे बोललासा ते हितंच मागं घ्या. ह्या बायांपुढं."

बाईंनी पदर सावरला, मान खाली घातली. "पाशामियाँ चोर न्हायत," त्या पुटपुटल्या. "माझंच चुकलं."

पाशामियाँनी पिशवी खाली ठेवली नाही.

"जरा मोठ्यानं, बाई. मघाशी आवाज चांगला लागला व्हता."