वर्गातल्या पडद्याचं माप

तीस वर्षं माप घेऊन कापड कापलेल्या शिवणकामवाल्या बाईंनी वेबसाइटही मापानेच बेतली होती. संगणकाच्या वर्गातल्या मोठ्या पडद्याची रुंदी बघितली आणि पिक्सेलचे आकडे नेमके टाकले. डावीकडे शिवलेल्या फ्रॉकांचे फोटो, उजव्या अंगाला ते घालणारी लेक, जुन्या फोटोतली, पाच वर्षांची, दोन वेण्यांची. खाली दुकानाचा फोन नंबर.

पान म्हणायला दुकानाचं. मनातून ते एकाच माणसासाठी होतं. लेक नोकरीसाठी लांब गेली, आणि पाठोपाठ तिचे फोनही लांबणीवर पडत गेले. ‘कामात आहे, मग बोलते,’ या निरोपालाही तीन आठवडे झाले होते. पान बघून ‘हे तू केलंस, आई?’ एवढं तरी ती विचारेल, अशी बाईंना आस होती.

पण वर्गाचा नियम होता. पान कुणाला पाठवण्याआधी शेजाऱ्याने ते आपल्या फोनवर उघडायचं आणि भीड न ठेवता बोलायचं. बाईंच्या शेजारी निवृत्त बसड्रायव्हर होते.

“ताई, ही मुलगी कोण?”

“माझी लेक.”

“अर्धीच आहे हो. एक कान, एक वेणी.”

बाईंनी फोन जवळजवळ हिसकावलाच. पानाची उजवी बाजू कडेबाहेर गेली होती.

“तुमचा फोनच बारका आहे, भाऊ.”

“चारचौघांसारखाच आहे. माप कुणाचं घेतलंत?”

“या पडद्याचं.”

“आणि घालणार कोण?”

बोलणं लागलं. लेक कुठला फोन वापरते, हे बाईंना कुठे ठाऊक होतं? आता तर तिच्या अंगाचं मापही ठाऊक नव्हतं. मागे अंदाजाने कुर्ता शिवून पाठवला, तेव्हा “होतो गं” म्हणाली होती. घातलेला फोटो काही आला नाही.

“इलॅस्टिक घाला की,” ड्रायव्हर नरमाईने म्हणाले. “पिक्सेल काढा, टक्के टाका. पडदा आखडला की पान आपोआप आखडतं.”

दुपारभर बाई उसवत बसल्या. रुंदी टक्क्यांत केली, लहान पडद्यावर लेकीचा फोटो सगळ्यांत वर आणला. ड्रायव्हरांनी फोन उभा धरला, आडवा धरला. लेक दोन्हीकडे अख्खी.

“हं, आता सोडा गाडी.”

बाईंनी लिंक पाठवली आणि फोन पालथा ठेवला. पुन्हा सुलटा केला. पुन्हा पालथा. वर्ग सुटता सुटता उत्तर आलं.

‘आई, पानावरचा नंबर दाबला. लागतच नाही.’

बाईंनी तीनदा वाचलं. तो नंबर लेकीला लहानपणापासून तोंडपाठ. तरी तिने दाबून पाहिला होता.

“काय म्हणते?” ड्रायव्हर पिशवी उचलत होते.

“चूक काढलीय,” बाईंनी चष्मा पदराला पुसला. “भाऊ, बसा खाली. नंबर दाबला की फोन लागेल, असं पानात कसं करायचं, ते आधी दाखवा.”