देवरूखपर्यंतचा धागा

पेशी आपल्या डीएनएची नक्कल कशी करते, हा धडा मी बारावीला एकतीस वर्षं शिकवला. इतक्यांदा, की प्रयोगशाळेतल्या भिंतीवरची पालसुद्धा तो म्हणून दाखवेल, आणि पोरांपेक्षा बरा म्हणून दाखवेल. आता निवृत्तीला एक वर्ष उरलंय. गुडघे बोलतात, खडूने घसा धरलाय, आणि माझ्या अंगातल्या पेशींच्या दुरुस्ती खात्याने सामूहिक रजा टाकलीय असा माझा दाट संशय आहे.

धडा तसा देखणा. दोन धागे एकमेकांना वेटोळे घालून बसलेले. पेशी दुभंगायच्या आधी ते सुटतात आणि प्रत्येक जुन्या धाग्यासमोर एक नवा विणला जातो. ए समोर टी, जी समोर सी. विणणारं एन्झाइम अक्षर जोडतं आणि लगेच मागे वळून बघतं. चुकलं असेल तर तेवढंच उसवून बरोबरचं बसवतं. त्यातूनही निसटलेल्या चुका हुडकायला मागून दुसरी टोळी येते. समोरासमोरची अक्षरं जुळत नाहीत एवढं तिला कळतं, पण दोघांतलं चुकलंय कुठलं? तर जुना धागा खरा मानायचा. नवा अजून कुठे कुठे सांधायचा राहिलेला असतो, त्यावरून तो ओळखू येतो. मग नव्यातला तेवढा तुकडा कापायचा आणि जुन्याकडे बघून परत भरायचा.

हे सगळं खरं आहे. याहून मोठी थाप मला कधी सुचली नाही, म्हणून हे मी आहे तसंच सांगत आलो.

बाकी ठिकाणी हात सैल सोडला. माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर दोन मीटर भरतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी मोजून दोन मीटर सुतळी आणली आणि वर्गात ताणून धरली. अख्खा वर्ग झोपलेला. दुपारची वेळ, पोटात बांगड्याचं कालवण आणि उकड्या तांदळाचा भात. त्यांचं तरी काय चुकलं? दुसऱ्या वर्षी मी ती सुतळी नुसत्या तोंडाने आमच्या रत्नागिरीच्या कॉलेजच्या फाटकापर्यंत नेली. चार जण जागे झाले. तिसऱ्या वर्षी भाट्याचा पूल. मग पावस. देवरूखला पोचलो त्या वर्षी बाकं वाजली, आणि शेजारच्या वर्गातली पोरं खिडकीला लोंबकळून ऐकत होती. शंभरेक असतील. बरं, सहा असतील.

पुढे दम संपला. थाप मारायलाही अंगात जोर लागतो. हल्ली भिंतीवर स्लाइड लावतो, वाचून दाखवतो, "दोन मीटर" म्हणतो. पोरं झोपतात. झोपू देत बापडी. मलाही झोपच आलेली असते.

यंदा फेब्रुवारीत प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले ते नेमके देवरूखचे. सकाळच्या एसटीने वळणं खात आलेले, चेहरा आंबलेला. तोंडी परीक्षेची रीत अशी, की आम्ही दोघांनी शेजारी बसायचं. बाहेरच्याने विचारायचं, मी गप्प राहायचं. गुण आधी पेन्सिलने मांडायचे आणि संध्याकाळी पेनाने पक्के करायचे.

एक मुलगी आली. वर्षभर पहिल्या बाकावर बसून न झोपणारी बहुधा ही एकटीच. तिला मुंबईच्या मोठ्या कॉलेजात बीएस्सीला जायचंय, आणि तिथल्या यादीत एकेका गुणाने नाव वरखाली होतं.

"एका पेशीतला डीएनए उलगडला तर लांबी किती होईल?" परीक्षकांनी विचारलं.

"रत्नागिरी ते देवरूख, सर."

मी टेबलाखाली वाकून न हरवलेली चप्पल शोधायला लागलो.

परीक्षकांनी चष्मा काढला. "मी आज देवरूखहूनच आलोय. दीड तास लागला. एवढा रस्ता माझ्या एका पेशीत मावतो?"

"घट्ट गुंडाळलेला असतो ना, सर."

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं, आणि घात झाला.

"मी देवरूखचा म्हणून चेष्टा करतेस?"

"नाही हो सर! आईच्या वहीत आहे तसं. आईला..." तिने माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. मग मान खाली घालून म्हणाली, "आईच्या वहीत आहे."

परीक्षकांनी तिच्या नावापुढे पेन्सिलने शून्य काढलं. चांगलं टपोरं.

मी बोललो नाही. आत्ता बोलू, जेवल्यावर बोलू, असं मनाशी म्हणत राहिलो. खरं सांगायचं तर दमलो होतो. एक वर्ष राहिलं होतं. निरोपाच्या भाषणात आपल्याबद्दल काय काय म्हणतील तेही मी मनात लिहून ठेवलं होतं, आणि त्यात हे शून्य कुठे बसत नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत तिची आई आली. रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. अंगावरचा पांढरा कोट काढायचंही तिला सुचलं नव्हतं. हातात खाकी कव्हराची वही.

"ओळखलंत काय, सर?"

"वही ओळखली," मी म्हणालो.

तिने पान उघडलं. निळ्या शाईत माझं वाक्य, माझ्याच थाटात, पुढे दोन उद्गारचिन्हं. आणि समासात अगदी पुसट पेन्सिलने: 'नाही. दोन मीटर. सर फुगवतात.'

"लायब्ररीत जाऊन पुस्तकात बघितलेलं मी तेव्हाच," ती म्हणाली. "आता पानं तुटतात म्हणून लेकीने झेरॉक्स काढलीन. त्यात पेन्सिल उठली नाही."

"अगं, पण मी यंदा वर्गात दोन मीटरच सांगितलं होतं."

"ती म्हणते, सर हल्ली नुसतं वाचून दाखवतात. वहीतलं जिवंत वाटतं."

मी वही वऱ्हांड्याच्या कठड्यावर ठेवली आणि समासातल्या पेन्सिलीवर बोट टेकवलं.

"तेव्हाच मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला सांगून काय होतं? पुढल्या वर्षी तुम्ही मुंबईपर्यंत नेलं असतंत." ती हसली, पण डोळे परीक्षकांच्या दाराकडे. "मी सांगते त्यांना, चूक माझ्या लिहिण्यातली म्हणून. तुमचं नाव नको यायला. एकच वर्ष राहिलंय ना?"

लेकीनेही सकाळी तेच केलं होतं. मायलेकींनी मला अगदी म्हातारा करून टाकलं.

"थांब तू इथेच," म्हटलं आणि वही घेऊन आत गेलो.

परीक्षक डबा संपवून बडीशेप चघळत होते. मी वही पुढे ठेवली. "थाप माझी आहे. तिची नाही, तिच्या आईचीही नाही. या वर्गात मी ती वर्षानुवर्षं मारली."

त्यांनी निळी शाई वाचली, मग वही तिरकी धरून पेन्सिल वाचली. "म्हणजे तुमचं तपासायला ही बाई होती."

"मला आज कळलं."

"मग तोंडी तुमचीच घ्यायला हवी, सर." हसले मात्र नाहीत. मुलीला परत बोलावलं. "नक्कल करताना चूक राहिली, दोन अक्षरं जुळत नाहीत. खरं कुठलं, हे पेशी कसं ठरवते?"

"जुना धागा खरा मानते, सर. नव्यातलं कापून परत भरते." मग जरा थांबून म्हणाली, "पण जुन्यातच चूक बसलेली असली, तर ती पुढे जातच राहते."

ती माझ्याकडे बघत नव्हती. परीक्षक बघत होते. त्यांनी शून्य खोडलं, रबराचा चुरा फुंकला आणि पुरे गुण लिहिले. संध्याकाळची वाट न बघता, पेनाने.

परीक्षा आटोपल्यावर मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. देवरूखची गाडी लागली होती. पायरीवर एक पाय ठेवून ते वळले.

"पहिल्या वर्षी किती सांगितलं होतंत हो?"

"दोन मीटर. सुतळी धरून."

"मग बरोबर होतं की ते!"

"होतं ना," मी म्हणालो. "पण सगळे झोपले होते."