खुंटीच्या आठ चकत्या

भावाच्या फर्निचरच्या कारखान्यात सगळे तिला आत्याच म्हणायचे, वयाने मोठा पॉलिशवालासुद्धा. पंचवीस वर्षं ती लाकूड लाकडाला जोडायच्या खुंट्या करत होती. वाळल्या लाकडाच्या काड्या पोलादी पट्टीच्या भोकातून ठोकून गोल करायच्या, बोटाएवढ्या कापायच्या, आणि प्रत्येकीला लांबीभर बारीक खाच पाडायची, म्हणजे ठोकताना जादा सरसाला बाहेर यायला वाट मिळते. खुंटी बसली की दोन्ही तुकड्यांच्या पोटात गडप.

वडिलांनंतर कारखाना दादाने घेतला. मग खुंट्यांची मागणी एकदम वाढली. आत्याला वाटलं, धंदा वाढला.

एका दुपारी शाळेतल्या एक बाई कारखान्यातूनच घेतलेली खुर्ची घेऊन आल्या. मागचा पाय निखळला होता. "सासूबाई बसल्या आणि आडव्या झाल्या. हाड वाचलं, एवढंच."

दादा बाहेर गेला होता. आत्याने खुर्ची पालथी घातली. सांध्यावर लाकडाचा गोल दिसत होता. तिने नख घातलं, तर तो बटणासारखा सुटून हातात आला. खाली गंजका स्क्रू, आणि दाबलेल्या भुशाची फळी, चिमटीत चुरा होणारी. आंबूस गोंदाचा भपकारा आला. गोलाच्या कडेला बारीक खाच होती. तिनेच पाडलेली.

बाईंना तिने एवढंच सांगितलं, "खुर्ची ठेवून जा. तुम्हाला फसवलंय."

दादा आला तेव्हा तिने तो गोल त्याच्यासमोर धरला. तो ओशाळेल असं तिला वाटलं होतं.

"एका खुंटीच्या आठ चकत्या निघतात. स्क्रू असो नसो, दिसेल तिथे चिकटवायच्या," तो कौतुकाने म्हणाला. "लोकांना हातकाम बघायला आवडतं."

"आणि बसायला?"

"अगं, बसणारा कधी वाकून बघतो का?" त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "उलट तुझंच काम लोकांना दिसतंय."

तिने तो हात पाल झटकावी तसा झटकला. नळावर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले. मग वडिलांची पोलादी पट्टी पिशवीत घातली आणि घरी गेली.

बाईंची खुर्ची तिने मागच्या खोलीत जुन्या दाराच्या लाकडातून नव्याने केली. आता गल्लीतले लोक डुगडुगती स्टुलं, पलंग तिच्याकडे आणतात. त्यांतलं बरंच सामान दादाच्याच कारखान्यातलं असतं. ते उघडताना ती नाकाला फडकं बांधते.

दादाचं काही अडलं नाही. त्याच्याकडे चकत्या आता तयारच येतात, गोणी भरून. भाचीसाठी ती कधीतरी त्याच्या घरी जाते. वहिनी खुर्ची पुढे सरकवते. ती म्हणते, "असू दे," आणि उभ्यानेच चहा पिते.