धामनोदचे मराठी भाऊसाहेब

माझी फजिती ऐकायची असेल तर आधी तो चहा संपवा, नाहीतर ठसका लागेल.

आमची देवासची फॅक्टरी सोयाबीनचं दूध करते. दूध चांगलं, पण त्याला कच्च्या शेंगांचा असा काही वास, की मांजरसुद्धा तोंड फिरवायचं. सगळे उपाय करून झाले. शेवटी छोटे मालक म्हणाले, घरातली डोकी संपली, आता बाहेर शोधा. एक जाणता माणूस गाठायचा आणि त्याला विचारायचं, तुमच्याहून जाणता कोण? असं वर वर चढत जायचं. काम आलं माझ्या गळ्यात. नाही जमलं तर दुधाचं युनिट बंद, म्हणजे आम्ही सगळे घरी.

इंदूरच्या एका प्राध्यापकांनी मला खातेगांवच्या व्यापाऱ्याकडे पाठवलं, त्याने धामनोदच्या ढाबेवाल्याकडे. याच्या सोयापनीरला म्हणे वासाचं नावच नाही!

फोनवर तो म्हणाला, "भिया, हमको तो एक मराठी भाऊसाहेब बता गए थे. बस बिगड़ी थी उनकी, घंटाभर बोले. बड़े ज्ञानी आदमी."

नाव त्याला ठाऊक नव्हतं, पण भाऊसाहेब आपला नंबर ठेवून गेले होते. मला कोण आनंद! म्हटलं, नंबर सरळ आमच्या मालकांनाच पाठव.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये मालकांनी आपल्या नव्या फोनवरून नंबर लावला. नेमका तेव्हाच माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. मी ओशाळून कापला.

"काट दिया," मालक म्हणाले.

मी समजूत घातली, मोठी माणसं जरा भाव खातातच, पुन्हा लावा. त्यांनी लावला. माझा पुन्हा वाजला, मी पुन्हा कापला. वर सगळ्यांना सांगितलं, हे विमावाले मेले वेळकाळ बघत नाहीत.

तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मालक माझ्याकडे बघत राहिले. मग शांतपणे म्हणाले, "भाऊसाहेब, अब उठा लो."

तेव्हा कुठे मला ती बिघडलेली बस आठवली.

सगळे हसले, पण मायेनं हसले हो. मालकांनी तर खुर्ची जवळ ओढून विचारलं, मग उपाय काय?

आता काय सांगणार, कपाळ? तासभर बोललो होतो, त्यातलं अक्षर आठवेना. (युनिट वाचलं बरं का, काळजी नको.) शेवटी सगळ्यांसमोर धामनोदला फोन लावला आणि हळूच विचारलं, "भिया, मैंने आपको बताया क्या था?"