रामटेके मॅडम आणि तेलाचं जहाज

रामटेके मॅडम कुठल्याही लग्नाला गेल्या की आधी मांडवाच्या मागे जात. पुढे हारतुरे चाललेले असत आणि या मागे धुरात उभ्या राहून आचाऱ्यांची नावं विचारत, गाव विचारत. मगच पुढे येऊन नवरा-नवरीला भेटत. एकदा रायपूरच्या पंडरी बाजारातल्या एका कापड व्यापाऱ्याकडच्या लग्नात यजमानांनी त्यांना हाताला धरून पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर बसवलं. त्या म्हणाल्या, "बसते ना भैया. पण हे सगळं रांधलं कोणं, तेवढं नाव सांगा." यजमानांना सांगता आलं नाही. "मग जेवू कशी?" असं म्हणून त्या उठल्या आणि मागे गेल्या. यजमान बिचारे त्यांच्यामागे ताट घेऊन.

अन्वी, कबीर, तुमचा बाबा या बाईंच्या धाकात वाढला, पण तुम्ही तिला पाहिलं नाही, म्हणून हे लिहीत आहे. सुलोचना रामटेके माझ्याच कॉलेजात इतिहास शिकवायची आणि मी इंग्रजी. चारचौघांत आम्ही एकमेकींना मॅडम म्हणत असू, घरी ती सुलू आणि मी कुंदा. तिचे वडील रेल्वेत होते, भंडाऱ्याकडून बदली होऊन रायपूरला आलेले. वर्गात ती अगदी शुद्ध हिंदीतून शिकवायची. माझ्याशी मात्र आपली इथली मराठी, जी ऐकून तुमच्या पुण्याच्या आजीच्या चमच्यातली साखर सांडायची.

तिला एकच भाऊ होता, धनराज. तो नौदलात मेकॅनिक होता. लढाऊ जहाजावर नाही, तेलाच्या जहाजावर. लढाऊ जहाजांना भर समुद्रात तेल, पाणी, दारूगोळा, कांदे-बटाटे पोचवणारी, बिघडलं तर दुरुस्त करणारी, बंद पडलं तर ओढून आणणारी वेगळी जहाजं असतात. त्यांच्यावर तोफा जवळजवळ नसतात आणि त्यांची चित्रं तुमच्या पुस्तकांत येत नाहीत. बांगलादेश झाला त्या युद्धात धनराज गेला. कर्तव्यावर असताना मृत्यू, एवढंच तारेत होतं. समुद्र, लाटा, शत्रूचं विमान हे सगळं वडिलांनी आपल्या मनानं भरलं आणि मरेपर्यंत तात्यापाऱ्यात, आपल्या मराठी वस्तीत, तसंच सांगितलं. धनराजचा मुलगा विकास तेव्हा पाळण्यात होता.

पुढे छत्तीसगड वेगळं राज्य झालं आणि आपलं रायपूर राजधानी झालं. रातोरात लाल दिव्याच्या गाड्या आल्या, जुन्या बंगल्यांवर नव्या खात्यांच्या पाट्या आल्या, आणि प्रत्येक चौकाला पुतळा हवासा वाटू लागला. माजी सैनिकांच्या एका मंडळानं एका बागेत भिंत बांधायचं ठरवलं. या भागातले जे युद्धात कामी आले त्यांची नावं काळ्या दगडात कोरायची. सुलूनं धनराजचं नाव दिलं. मंडळाचे अध्यक्ष सैन्यातून निवृत्त झालेले, सभ्य गृहस्थ होते. त्यांनी चहा दिला आणि म्हणाले, "दीदी, टैंकर तो लड़ाई का जहाज़ नहीं होता न."

सुलू म्हणाली, "लढाईचं जहाज काय पाण्यावर चालते काय? तेलावरच चालते ना?"

"सबूत लाइए, नाम लिख देंगे," ते म्हणाले.

तिथून ते वेड सुरू झालं. कॉलेजातल्या प्राध्यापकांच्या खोलीत हसू व्हायचं. एक जण म्हणाला, "रामटेके मॅडम, रायपुर में समंदर कहाँ है?" ही पेपर तपासता तपासता, मान वर न करता म्हणाली, "दिल्लीले तरी कुठं हाय? तिथं बसून नौदल चालवतातच ना?" त्यानंतर तिला कोणी ते विचारलं नाही.

सुरुवातीला तिनं नौदलाच्या इतिहासाची जाड जाड पुस्तकं मागवली. इंग्रजी असल्यामुळे माझ्याकडे आली. मी वाचायची आणि ती ऐकायची. पानंच्या पानं तोफा आणि पाणतीर, आणि मध्येच एक ओळ: जहाजांनी तेल घेतलं आणि ती पुढे निघाली. ती माझा हात धरायची. "थांब. कोणाकडून घेतलं?" पुस्तकात नसायचं. "म्हणजे तेल काय आभाळातून पडलं? पुढं वाच."

तिला लवकरच कळलं की अशा जहाजांचे स्वतःचे कागद फार थोडे उरतात. कोणी जपून ठेवत नाही. मग तिनं उलटा रस्ता धरला. "देणाऱ्याच्या घरी कशाले जायचं? घेणाऱ्याच्या घरी जाऊ." म्हणजे लढाऊ जहाजांच्या रोजनिशा, त्यांना दिलेले हुकूम, बंदरात कोण आलं आणि कोण गेलं याच्या नोंदी, गोदीतल्या दुरुस्तीचे कागद. त्याशिवाय म्हातारे खलाशी होते. ते तिला पत्रं लिहीत आणि प्रत्येकाच्या पत्रात त्याचंच जहाज सगळ्यात पुढे असे. "सगळे खरं बोलून राहिले," ती म्हणायची, "पण सगळे मिळून खोटं होऊन राहिलं." जुन्या फोटोंत ती लढाऊ जहाज पाहायचीच नाही, त्याच्या कुशीत शिरणारी तेलाची जाड नळी पाहायची. नळीचं दुसरं टोक नेहमी फोटोच्या बाहेर असायचं.

मंजुरीचे अर्ज इंग्रजीत मी करायची. दिल्लीला तिच्याबरोबर एकदा गेले. तिथल्या वाचनकक्षात एका बाबूनं तिला सांगितलं की हे संरक्षणाचे कागद आहेत, घरच्या बाईनं पाहायचे नाहीत. ती खुर्ची ओढून त्याच्या टेबलासमोर बसली आणि डबा उघडून भाकरी खाऊ लागली. "मी घरचीच बाई हाय. माझ्या घरचा माणूस या कागदांत हाय. मी बसते." दुपारी कागद मिळाले.

आणि सापडलंही. एका लढाऊ जहाजाच्या कागदांत धनराजच्या जहाजाचं नाव होतं, अमुक ठिकाणी, अमुक तारखेला समुद्रात तेल देणार म्हणून. तारीख धनराजच्या मृत्यूचीच होती. सुलूनं कागदाची नक्कल आणून अध्यक्षांपुढे ठेवली. त्यांनी उठून हात जोडले, मंडळात वाचून दाखवलं, आणि दगडावर कोरणाऱ्या कारागिरानं खडूनं नाव आखलं. विकास बीरगावच्या कारखान्यात कामाला होता. तो बायकोला आणि पोरांना घेऊन ते खडूचं नाव पाहायला गेला. त्याच्या पाकिटात बापाचा फोटो असायचा. तो त्यानं दगडाशेजारी धरला आणि बायकोला म्हणाला, "देख, मैं कहता था न."

इथे कोणीही थांबलं असतं. पण सुलूला पुस्तक लिहायचं होतं, आणि तिचा प्रश्न तिला स्वस्थ बसू देईना. ती म्हणाली, "कुंदा, हे जहाज सगळ्यांले देत होतं. मग याले कोण देत होतं? याच्यावरचे पोट्टे पाणी कोणाचं पीत होते?"

म्हणून आम्ही विशाखापट्टणमला गेलो. तिनं आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला आणि पाठ फिरवून गोदीचं फाटक कुठे आहे ते विचारू लागली. बंदरात उभ्या जहाजांना गोडं पाणी नेऊन देणाऱ्या छोट्या बोटी असतात. त्यांच्या जुन्या नोंदी पाहायला परवानगी मिळाली. आठवडाभर आम्ही तिथे धुळीत बसलो. एका दुपारी मी वर पाहिलं तर ती एका ओळीवर बोट टेकवून बसली होती.

धनराजचं जहाज त्या संबंध आठवड्यात बंदरातून हललं नव्हतं. रोज पाणी घेत होतं. गोदीच्या कागदांवरून पुढचं कळलं आणि त्याच्याबरोबरच्या एका खलाशानं नंतर ते पक्कं केलं. तेल देणारा पंप बिघडला होता. तो दुरुस्त करायला धनराज खाली उतरला आणि टाकीतल्या वायूनं गुदमरून गेला. त्या जहाजाच्या जागी समुद्रात दुसरंच जहाज गेलं होतं. दिल्लीत सापडला तो कागद हुकूम होता. काय घडायचं ठरलं ते त्यात होतं, काय घडलं ते नव्हतं.

लॉजवर आल्यावर ती म्हणाली, "बत्तीस वर्षं पोरींले शिकवलं, हुकूम म्हणजे घटना नव्हे. आणि स्वतः हुकूम पाहिला की भाऊ दिसला मले."

मी विचारलं, "आता?"

"आता काय? सांगाचं."

विकासला आधी सांगितलं. तो माझ्याच बैठकीत उभा होता, कारखान्याच्या कपड्यांत. सुलू मराठीत बोलत होती आणि तो हिंदीत उत्तरं देत होता, तुमच्यासारखंच. "आत्या, लोगों के पापा का नाम लोग लिखवाते हैं. आप मिटवा रही हो?"

"मी मिटवून नाही राहिली. खोटं पुसून राहिली."

"किसको पता चलेगा?"

"मले पता हाय ना. तुलेही आता हाय."

"तो मुझे क्यों बताया?" तो ओरडलाच. "मेरे पास उनका और है क्या?"

सुलू उठून त्याच्याजवळ गेली. एरवी ती कोणाच्या अंगाला हात लावणारी नव्हती. "ऐक. जहाज निघालं पाहिजे म्हणून तुझा बाप त्या टाकीत उतरला. वास येऊन राहिला असंल, तरी उतरला. हे त्यानं केलं. समुद्रावरचं दुसऱ्या कोणाच्या बापानं केलं. ते काहून घेतो तू? तुझ्याजवळ तुझं हाय ना." तो निघून गेला. चहा तसाच राहिला.

अध्यक्षांकडे मी तिच्याबरोबर गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळ चोळलं. "दीदी, सबूत भी आप ही लाई थीं."

"मीच आणला, मीच परत नेऊन राहिली. नाव राहू द्या. खाली फक्त 'समुद्रात'च्या जागी 'बंदरात' लिहा. पंप दुरुस्त करताना."

"बंदरगाह में मरने वाले को हम नहीं ले सकते. फिर तो हर ड्राइवर, हर रसोइया आ जाएगा."

"हव, येऊ द्या ना! भिंत लांब करा. राजधानी झाली ना आता, जागा काय कमी हाय?"

ते हसले, पण हलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "आप कुछ मत बोलिए. नाम जैसा है वैसा रहने दीजिए. बच्चे का भी मन रह जाएगा." माणूस वाईट नव्हता. त्यांना खरोखर मदत करायची होती, हे मी आजही म्हणेन.

सुलू उभी राहिली. "साहेब, त्या दिवशी समुद्रावर तेल घेऊन जे जहाज गेलं, त्याच्यावरही कोणाचे तरी भाऊ होते. माझ्या भावाचं नाव तिथं लावलं तर त्यांचं काम मी चोरलं. आणि बंदरातलं लपवलं तर त्याचं स्वतःचं काम तुम्ही चोरलं. खरं लिहाल तर लिहा. नाही तर खडू पुसा."

खडू पुसला गेला.

उद्घाटनाला आम्हाला बोलावणं नव्हतं. सुलू इस्त्रीची पांढरी साडी नेसून गेली आणि दुसऱ्या रांगेत बसली, मी तिच्या शेजारी. मंत्री आले, बिगुल वाजला, नावं वाचली गेली. मग घरच्या माणसांनी पुढे येऊन दोन शब्द बोलावेत असं सांगण्यात आलं. एक म्हातारी आई बोलली, एक भाऊ बोलला. तेवढ्यात मागून कोणीतरी चालत पुढे आलं. तो विकास होता. सुलूनं माझ्या मनगटाला इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. तिनं त्याला बोलायला सांगितलेलं नव्हतं. त्या दिवसानंतर तो तिच्याशी बोलतही नव्हता.

त्यानं माईक हातात घेतला. "मेरे पिताजी का नाम इस दीवार पर नहीं है," तो म्हणाला. "धनराज रामटेके. नौसेना के तेल वाले जहाज़ पर मैकेनिक थे. लड़ाई में बंदरगाह में मरे, पंप ठीक करते हुए, गैस से." माईक बंद झाला. कोणी बंद केला ते दिसलं नाही. विकास थांबला नाही. कारखान्यात यंत्रांच्या आवाजावर बोलायची सवय असलेला माणूस तो, माईकवाचून शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला. "मेरी आत्या ने ढूँढ़कर निकाला है. कोई पूछे तो यही बताना. समंदर में मरे, ऐसा मत बताना."

एक पोलीस त्याच्याकडे निघाला. सुलू उठून मध्ये उभी राहिली. "हात नको लावू त्याले. बोलणं झालं त्याचं." पोलीस मुलगाच होता, तिच्या आवाजानं जागीच उभा राहिला. कदाचित त्याच्या बहिणीला तिनं शिकवलं असेल. त्या गर्दीतून ती विकासच्या दंडाला धरून सरळ मधल्या वाटेनं बाहेर पडली. बाहेर रिक्षात बसताना तो तिला म्हणाला, "अच्छा बोला न, आत्या?" आणि ती म्हणाली, "जहाजाचं नाव सांगाचं राहिलं तुले."

त्यानंतर ती सहा-सात वर्षं जगली. तिचं पुस्तक स्वतःच छापून तिनं वाटलं. तेलाच्या, पाण्याच्या, दुरुस्तीच्या आणि ओढून आणणाऱ्या जहाजांचा इतिहास कुठे आणि कसा शोधावा, याबद्दल ते आहे. त्यात एक अख्खं प्रकरण तिच्या स्वतःच्या चुकीवर आहे. मी म्हटलं होतं की हे परिशिष्टात टाक. ती म्हणाली, "काहून? मी चुकली ते मधोमधच चुकली." शेवटचे दिवस ती विकासकडे होती आणि तो तिला ते वाचून दाखवायचा, मराठी अक्षरं अडखळत, पण मराठीतच.

पुढच्या हिवाळ्यात तुम्ही आलात की मी तुम्हाला त्या बागेत नेणार आहे. काळा दगड, सोनेरी अक्षरं, सगळं छान ठेवलेलं आहे. धनराज रामटेके हे नाव तुम्हाला तिथे सापडणार नाही. मंडळानं ते नाकारलं, असं इथले लोक सांगतील. तसं ऐकून घेऊ नका. ते नाव तिथे खोटं लागलं होतं आणि त्याच्या सख्ख्या बहिणीनं ते उतरवलं. खरं लावायला अजून कोणी तयार नाही. विकास दरवर्षी त्यासाठी अर्ज देतो. इंग्रजी मी तपासून देते.